इंजिन दादांच्या मागे

पाटोद्याच्या माणसाला आगगाडी बघायची असेल तर आधी एस.टी.नं बीडला जावं लागे, तिथून दुसऱ्या एस.टी.नं परळीला. अर्धा दिवस धूळ खाल्ल्यावर रूळ दिसायचे. आमच्या जिल्ह्यात रेल्वे होती ती पूर्वेच्या टोकाला, परळीच्या बाजूला. बाकीच्या जिल्ह्याच्या वाट्याला 'बीडला रेल्वे आलीच पाहिजे' ही घोषणा आली होती. ती मात्र प्रत्येक निवडणुकीला अगदी वेळेवर यायची.

अशा गावात माझा फोटो स्टुडिओ होता. बाजारपेठेत वडिलांचं किराणा दुकान आणि दुकानाच्या बाजूच्या खोलीत पडदा लावून मी बसायचो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या तागडी धरलेली, कॅमेरा धरणारा मी पहिलाच. वडिलांना तो धंदा कधी पटला नाही. ते म्हणायचे, "तागडीत माल कमी आला तर गिऱ्हाईक भांडतं. तुझ्या धंद्यात माणूस हाय तसा आला तरी भांडतं." वाण्याच्या घरचा म्हणून गावात सगळे मला 'अप्पा' म्हणत. माझ्या दुप्पट वयाची माणसंही अप्पाच म्हणायची, आणि मीही त्याची सवय करून घेतली होती.

त्या साली पाऊस झाला नाही. त्याच्या आदल्या सालीही न झाल्यासारखाच होता. लग्नं पुढं ढकलली गेली, तेव्हा मला वाटलं आता स्टुडिओला कुलूप लावावं लागणार. पण झालं उलटंच. दुष्काळाला फोटो लई लागतात. चाऱ्याचा डेपो उघडला की फोटो, टँकर आला की फोटो, पाझर तलावावर पहिली कुदळ पडली की फोटो. पाहणीला आलेल्या साहेबांच्या जीपमध्ये मागच्या बाकावर मी ठरलेला. पालीजवळ बिंदुसरेचं धरण आटलं होतं. त्याच्या तळातल्या भेगांशेजारी मी इतक्या मोठ्या माणसांना उभं केलं, की कुठली भेग फोटोत चांगली येते हे मला पाठ झालं होतं. "साहेब, जरा डावीकडं. ही भेग जास्त खोल हाय," असं मी सांगायचो आणि साहेब सरकायचे.

अडचण एकच होती. फोटो धुवायला पाणी लागतं, तेही वाहतं. मी एकाच बादलीत सगळे फोटो खंगाळून काढायचो आणि तेवढ्यावरही आई दारात उभी राहून बोलायची, "माणसाच्या घशात घालाय थेंब न्हाई, अन् तू कागदं धुतोस व्हय रे?" नीट न धुतल्यामुळं त्या साली मी काढलेले बहुतेक फोटो पुढं पिवळे पडले. लोकांना वाटतं, जुने आहेत म्हणून पडले.

त्याच दिवसांत दादा माझ्या दुकानाची पायरी चढले. दादा म्हणजे आमच्या भागातले बडे जमीनदार. पांढरा फेटा, पांढरं धोतर, आवाज असा की कुजबुजले तरी रस्त्यापलीकडं ऐकू जावं. साखर कारखान्याच्या संचालकपदाच्या निवडणुकीत ते नुकतेच पडले होते. पडल्याचं दुःख त्यांना होतंच, पण त्यांच्या माणसांना जास्त होतं. दादांसारखा माणूस कशाचाच अध्यक्ष नाही, ही गोष्ट कुणाला बघवत नव्हती. दूध संघ, पाणीपुरवठा, कुक्कुटपालन, सगळीकडच्या खुर्च्या भरलेल्या. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की फोटोग्राफरांची सहकारी संस्था अजून कुणी काढलेली नाही.

"अप्पा," दादा खुर्चीत बसत म्हणाले, "तुमच्या धंद्याला सहकाराची लई गरज हाय."

मी म्हणालो, "दादा, तालुक्यात फोटोवाले आम्ही तिघंच. त्यातला एक नुसता पासपोर्टचे काढतो."

"सभासद मी गोळा करतो. तुमी नुसता हो म्हना."

सभासद खरंच गोळा झाले. त्यांत दादांचे चुलत भाऊ होते, मेहुणे होते, एक न्हावी होता आणि आरसे विकणारा एक माणूस होता. आरशाचा आणि फोटोचा संबंध असतो असं त्याला कुणीतरी पटवून दिलं होतं. मी भीत भीत विचारलं, की अध्यक्षाला निदान कॅमेरा धरता यायला नको का. दादांनी माझ्याकडं फार प्रेमानं बघितलं. "कारखान्याच्या चेअरमनला गूळ तरी करता येतो का हो?"

संस्थेची पाटी लागली. आता काम पाहिजे होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सहकाराचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, मुंबईहून मोठी माणसं येणार होती. प्रत्येक संस्थेनं काहीतरी मांडायचं होतं. दूधवाले दूध मांडणार, साखरवाले साखर. आम्ही काय मांडायचं? दादांनी पेपरात वाचलं, की परळीची कोळशाची इंजिनं आता जाणार आणि डिझेलची येणार. दुसऱ्या दिवशी ते जीप घेऊन माझ्या दारात हजर. "जिल्ह्याचा ठेवा चाललाय, अप्पा. शेवटचं इंजिन परवा जायचंय. आपल्या संस्थेनं त्येचा फोटो काढला न्हाई तर पुढची पिढी आपल्याला काय म्हनल?"

पुढच्या पिढीनं याबद्दल आजवर मला काहीही म्हटलेलं नाही. पण तेव्हा मलाही उत्साह आला. भेगांचे फोटो काढून मी कंटाळलो होतो.

परळीला निघालो तेव्हा जीपमध्ये दादा, अर्धा डझन सभासद, झेंडूच्या हारांची पाटी आणि नारळ एवढं होतं. कॅमेरा मांडीवर घेऊन मी मागं दाटीत. निघताना आईनं बजावलं होतं, "परळीला चाललाच हायस तर वैजनाथाच्या पाया पडून ये. बेल आन." तिच्या दृष्टीनं परळीला जाण्याचं दुसरं काही कारण असू शकत नव्हतं.

स्टेशनात शिरलो आणि मी इंजिनापाशी थबकलो. लहानपणी एकदा लांबून पाहिलं होतं, एवढ्या जवळून कधीच नाही. मला वाटलं होतं काळं असेल. पण त्या काळ्यात तेलाचा निळा होता, गंजाचा तांबडा होता, आणि चाकांपाशी वाफ सुटली की सगळं क्षणभर पांढरं होऊन परत उमटायचं. ते उभं होतं, पण थांबलेलं वाटत नव्हतं. आतून काहीतरी सारखं चालू होतं, धापा टाकणाऱ्या जनावरासारखं. तोवर मी फोटोग्राफर होतो तो पोटापुरता. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं, की हे मला काढायचंच आहे, कुणी सांगितलं नाही तरी.

पण सांगणारे पुष्कळ होते. स्टेशनमास्तर बाहेर आले. ते बाहेरच्या मुलखातले, मराठी पुस्तकासारखी बोलायचे. "येथे छायाचित्र काढण्यास परवानगी नाही."

दादा म्हणाले, "आमी सहकारी संस्था हाय."

"त्याचा येथे काय संबंध?"

"सहकाराचा सगळीकडंच संबंध असतो," असं म्हणून दादांनी पाटीतला एक हार मास्तरांच्या गळ्यात घातला. मास्तरांनी हार नीट केला. मग टोपी काढून त्यांनी केस विंचरले आणि दादांच्या उजव्या हाताला येऊन उभे राहिले.

त्यानंतर कुणीच हटेना. इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, आणि सगळे सभासद इंजिनासमोर रांगेत उभे राहिले. स्टेशनवरचे हमाल आले, चहावाला आला, गाडीची वाट बघणारे प्रवासी आले. मी ओरडत होतो, "जरा बाजूला व्हा, इंजिन दिसत न्हाई!" कुणी बाजूला होत नव्हतं, उलट जो तो दाटीत घुसून आपली मान उंच करत होता.

इंजिनाच्या खिडकीतून ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. पिकलेली दाढी, डोक्याला काळा पडलेला रुमाल. "ओ फोटोवाले," तो म्हणाला, "फोटो इंजिनचा हाय का बारातीचा?"

नव्या डिझेल इंजिनानं अकराच्या सुमारास येऊन परळीहून सुटणारी गाडी घेऊन जायची, असं ठरलं होतं. अकरा वाजले, बारा वाजले. मग मास्तरांच्या फोनवर निरोप आला, की डिझेल वाटेत बंद पडलंय. गाडी तर सोडायलाच पाहिजे होती. शेवटी शेवटच्या इंजिनानंच शिट्टी दिली आणि हारासकट ते निघालं.

दादा फलाटावरून दोन पावलं त्याच्यामागं गेले. "अरे, शेवटचं म्हून हार घातला, अन् हे निघालं की!"

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "हार काढून घेता का, साहेब? अजून ताजा हाय."

फोटो धुवून मी दादांकडं नेला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला.

"इंजिन कुठंय?"

"तुमच्या मागं हाय, दादा."

त्या फोटोत इंजिनाचा एवढासा कोपरासुद्धा दिसत नव्हता. फक्त बरोबर दादांच्या डोक्यावर धुराचा जाड लोट होता, जणू तो फेट्यातूनच निघत होता. दादांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "धूर मात्र चांगला आलाय."

त्यानंतर मी एकट्यानं परळीला जायला लागलो. दादांना सांगायचो संस्थेसाठी जातो, आईला सांगायचो वैजनाथाला जातो. दोन्ही काही अगदी खोटं नव्हतं. पाया पडून बेल आणायचोच. आईनं शेजारीपाजारी सांगून टाकलं, की पोराला दुष्काळानं देवाचा नाद लागला, दर पंधरवड्याला वैजनाथाला जातो. नातेवाईकांत माझं वजन वाढलं. त्याच जोरावर एका चांगल्या घरातून मला मुलगीही सांगून आली.

त्या खेपांमध्ये ड्रायव्हरची ओळख झाली. मी त्यांना चाचा म्हणायला लागलो. मला वाटलं होतं, जन्मभर ज्या इंजिनावर काढला ते जाताना माणसाला रडू फुटत असेल. मी तसं एकदा बोलूनही गेलो. फलाटावरच्या बाकावर आम्ही चहा पीत होतो. चाचांनी बशी खाली ठेवली.

"अप्पा, तुमी उन्हाळ्यात तंदूरच्या भट्टीत डोकं घालून बसला हाय का कधी?"

"न्हाई."

"मग तुमाला आवडंल इंजिन." ते हसले. "मला न्हाई आवडत. पाठ भाजून निघाली माझी. डिझेलला खुर्ची असती म्हनं बसायला. पंखा बी असतो."

"मग तुम्हाला डिझेलवर जायला मिळंल की आता."

चाचांनी चहा संपवला, बशी पालथी घातली. "शिकायला पोरांना धाडलं. मला म्हनले वय झालं, नजर कमी हाय. आता मला यार्डात ठिवतेत, कागद फिरवायला." थोड्या वेळानं ते म्हणाले, "जायलाच पायजे होतं हे इंजिन. फक्त धा वर्सं आदी जायला पायजे होतं."

त्यांनी मला क्वार्टरवर नेलं. चाची दारातच होत्या. चाचांचा डबा हातात घेतानाच त्या त्यांच्या शर्टाकडं बघून कपाळाला आठ्या घालत. इंजिनाला त्या 'काळी' म्हणायच्या. "काळीपासून सुटलात का?" असं विचारायच्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, स्टेशनापासून घर हाकेच्या अंतरावर, पण त्या कधी इंजिनाजवळ गेल्या नव्हत्या. मी म्हणालो, "चाची, एकदा या. तुमचा दोघांचा इंजिनावर फोटो काढतो."

"सवतीसंगं फोटो काढायला मी कावून येऊ?" त्या म्हणाल्या, आणि मला भजी वाढली.

उन्हाळा वाढला तसं परळीतही पाणी मिळेनासं झालं. फक्त स्टेशनात होतं. रेल्वेची स्वतःची विहीर होती. फलाटाच्या टोकाला इंजिनाला पाणी पाजायचा मोठा नळ होता, हत्तीच्या सोंडेसारखा. इंजिनाचं पोट भरलं की भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन नळ फिरवून बाजूला करायचा. पण तो लगेच बंद करायचा नाही, जरा रेंगाळायचा. सोंडेखाली बाया हंडे घेऊन उभ्या असायच्या. मास्तरांना ते माहीत होतं. पण ते त्या वेळी नेमके आत जाऊन कागद बघायचे.

एकदा वाऱ्यासारखी बातमी पसरली, की आता खरंच डिझेल येणार, तारीख पक्की झाली. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. दादांनी पुन्हा हार घेतले, पुन्हा नारळ घेतला. वाटेत मला बजावलं, "अप्पा, ह्या टायमाला मी बाजूला उभा राहतो. इंजिन बी येऊ द्या थोडं."

आम्ही पोचलो तर फलाटाच्या टोकाला रुळावर बायाच बाया बसलेल्या. प्रत्येकीपुढं रिकामा हंडा. नळाच्या पलीकडं आमचं जुनं इंजिन उभं होतं, वाफ धरून. आणि लांब सिग्नलपाशी नवं डिझेल अडकून पडलं होतं, तोंडाला पिवळा पट्टा मारलेलं. मधूनमधून रेडा हंबरल्यासारखा भोंगा वाजवत होतं. बाया मान वळवूनसुद्धा बघत नव्हत्या.

बाजारात भाजी विकणारी एक धिप्पाड बाई सगळ्यांच्या पुढं होती. मास्तर हात जोडून तिच्यासमोर उभे होते. "बाई, हे नवीन इंजिन आहे. प्रगतीचे इंजिन आहे."

"ह्याला तहान लागती का?" तिनं विचारलं.

"नाही. याला पाण्याची गरजच नाही."

"हां. मग नळ तुमी बंद करनार."

मास्तरांनी जोडलेले हात खाली घेतले. त्यांच्या पुस्तकात याला उत्तर नव्हतं.

गर्दी बघून दादांना आपल्या अंगातला पुढारी आवरेना. हारांची पाटी माझ्या हातात देऊन ते रुळात उतरले. "माझ्या माय-बहिनींनो!" त्यांनी सुरू केलं. दुष्काळ आला, सहकार आला, इतिहास आला. वाक्याला वाक्य जोडत ते चांगलेच तापले. त्या बाईनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग उठली, दादांच्या समोर आली, आणि आपला हंडा त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

"भाषान ऱ्हाऊ द्या, दादा. हे धरा. सकाळपासनं माझे हात भरून आले."

दादांनी हंडा धरला. न धरून करणार काय? शे-सव्वाशे बाया बघत होत्या. त्याच वेळी खिडकीतून चाचांनी फायरमनला काहीतरी खूण केली. फायरमननं नळ फिरवला आणि सोंडेतून पाणी कोसळलं, ते थेट दादांच्या हातातल्या हंड्यात. दादा मागं सरकले नाहीत, हे खरंच सांगायला पाहिजे. फेटा भिजला, धोतर भिजलं, तरी हंडा सोडला नाही. बाया हसायला लागल्या, दादाही हसले. मी फोटो काढला. दुसरा हंडा आला, मग तिसरा. दादा भरत राहिले.

मास्तर आत जाऊन वरच्या लोकांना फोन लावत बसले. तासन् तास गेले. जुनं इंजिन उभं राहून नुसता कोळसा खात होतं. चाचांना काही काम नव्हतं. ते खाली उतरून इंजिनाच्या सावलीत बसले. मी त्यांच्याजवळ गेलो, तेवढ्यात ते एकदम उठून उभे राहिले. बायांच्या घोळक्यात, मधोमध, चाची बसल्या होत्या. पुढ्यात हंडा.

चाचा रूळ ओलांडून गेले. "अगं, तू हितं?"

"क्वार्टरचा नळ बी चार रोज झाले कोरडा हाय. तुमाला घरातलं काय म्हाईत?" चाची बसूनच म्हणाल्या.

"तू माझ्याच गाडीला आडवी बसलीस?"

"तुमच्या न्हाई. त्या हंबरनाऱ्याला."

आजूबाजूच्या बाया खसखसल्या. त्या धिप्पाड बाईनं चाचींना कोपरानं ढोसलं, "जा की, बघून तरी ये नवऱ्याची गाडी. हंडा आमी सांभाळतो." चाची आढेवेढे घेत उठल्या. चाचांनी हात दिला आणि त्या शिडीवरून वर चढल्या. मी खाली कॅमेरा लावून उभा राहिलो.

वर गेल्यावर त्या हलल्याच नाहीत. भट्टीचं झाकण, कोळसा, नळ्या, चाचांची लाकडी पाटासारखी बसायची जागा, सगळं एकेक करून बघितलं. हात कशाला लावला नाही. मग चाचांकडं वळून म्हणाल्या, "एवढंच?"

"म्हंजे?"

"एवढ्याशा जागंत उभं ऱ्हाऊन तुमी जिंदगी काढली? आपली मोरी ह्याच्याहून मोठी हाय." त्यांचा आवाज बदलला. "अन् मला सांगत होता, अख्खी गाडी माझ्या हुकमात हाय म्हून."

चाचांनी डोक्याचा रुमाल काढला. चाचींनी तो त्यांच्या हातातून घेतला, स्वच्छ बाजू शोधायचा प्रयत्न केला, ती काही सापडली नाही. शेवटी आपल्या पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. मग दोघं दारात येऊन उभे राहिले. दोघांच्या मागं भट्टीचा उजेड होता आणि पुढं बाहेरचं ऊन. चाचींचा पदर काळा झाला होता. मी फोटो काढला. माझ्या आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो, हे मला बटण दाबतानाच कळलं. असं पुन्हा कधी कळलं नाही.

दिवस कलता कलता वरून निरोप आला, की नळ चालू राहील. बाया उठल्या. डिझेल आत घेऊन जोडायचं तर आणखी उशीर होणार होता, आणि जुनं इंजिन वाफेवर तयारच होतं. तेव्हा गाडी पुन्हा त्यालाच जोडली. हारांची पाटी सबंध वेळ माझ्याजवळच होती. ते हार मी परतीच्या वाटेवर वैजनाथाला घातले.

प्रदर्शनात मी दहा-बारा फोटो मांडले. मधोमध चाचा-चाचींचा लावला होता. दादांनी तो काढायला लावला. "हे कोन वळखतंय?" त्याच्या जागी त्यांचा हंड्यासकटचा फोटो आला, दाराएवढा मोठा करून. त्यात इंजिनाच्या एका चाकाची कड आली होती, तीही मोठा करताना कातरली गेली. तो फोटो भरपूर गाजला. पेपरात छापून आला. दुष्काळात स्वतः पाणी भरणारा नेता म्हणून दादांचं नाव तालुक्या-तालुक्यांत गेलं. पुढच्या निवडणुकीत तोच फोटो पत्रकांवर होता, आणि दादा कारखान्यावर दणक्यात निवडून आले.

त्यानंतर फोटोग्राफरांच्या संस्थेची सभा भरली नाही. मला वाईट वाटलं नाही. दादा कधी भेटले की विचारायचे, "अप्पा, त्या इंजिनाचं काय झालं हो पुढं?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायचे.

काय झालं ते मलाही उशिरा कळलं. पुढच्या साली पाऊस बरा झाला, ढकललेली सगळी लग्नं एकदम आली, आणि मला परळीला जायला सवड मिळाली नाही. एका लग्नाहून दुसऱ्या लग्नाला, अक्षता पडताना हातात कॅमेरा. त्यात माझंही एक उरकलं. मग एक दिवस चाचांचा फोटो नीट मोठा करून, या वेळी भरपूर पाण्यात धुवून, चौकटीत बसवून मी परळीला गेलो.

स्टेशनात डिझेल उभं होतं. नळाची सोंड एका बाजूला वळवून तारेनं बांधून टाकली होती. मी मास्तरांना विचारलं, शेवटचं इंजिन कधी गेलं. ते जरा ओशाळले. "मध्यंतरीच गेले. वरून सूचना होती, की या वेळी कोणालाही कळवू नये. दोन्ही वेळा फार गर्दी झाली होती."

क्वार्टरवर चाचा अंगणात खाट टाकून बसले होते. अंगात स्वच्छ पांढरा सदरा. मी त्यांना तेच विचारलं, शेवटच्या दिवशी कसं वाटलं म्हणून.

"मी कुठं व्हतो?" चाचा म्हणाले. "माझी त्या दिशी रजा व्हती. दाढ दुखत व्हती म्हून दवाखान्यात गेलतो. दुसऱ्याच कुन्या ड्रायव्हरनं नेलं. आलो तर लाइन मोकळी."

"म्हणजे कुणीच बघितलं न्हाई?"

"मी बघितलं की," आतून चाची बोलल्या. त्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "मी नळाला गेलते. डबे न्हाईत, मानसं न्हाईत, नुसती एकलीच चालली व्हती. मला वाटलं, हिला कुनी वाटं लावाय बी न्हाई. मग मीच हात केला."

चाचा त्यांच्याकडं बघत राहिले. "हे मला न्हाई सांगितलंस."

"तुमी इचारलं कुठं?"

मी फोटोवरचा कागद सोडला. चाचांनी चौकट मांडीवर घेतली. चाची त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. मग चाची म्हणाल्या, "माझा पदर काळा आलाय. त्येला काय करता येतं का, अप्पा?" मी म्हणालो, येतं, पण करणार नाही. त्या हसल्या आणि आत जाऊन त्यांनी चूल पेटवली.

जेवताना चाचींनीच सांगितलं, की गेल्या महिन्यात दोघं त्यांच्या माहेरी जाऊन आले, लातूरच्या बाजूला. डिझेलच्या गाडीनं. चाचा इतक्या वर्षांत त्या वाटेवर पहिल्यांदाच प्रवासी म्हणून बसले होते. चाचींना वाटलं होतं, ते वाटभर खिडकीतून बघतील, प्रत्येक चढाचं, प्रत्येक पुलाचं काही सांगतील. त्या तयारीनंच बसल्या होत्या.

"मग? काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगतेत? गाडी हालली अन् ह्येंचं डोकं माझ्या खांद्यावर. माहेर येस्तोवर घोरत व्हते." चाचींनी चाचांच्या ताटात अजून एक भाकरी टाकली. "मीच बघत बसले खिडकीतनं."